नवापूरच्या रस्त्यावर सायकल : वाट कशी ठरवायची?



थंडी पडली की रविवारी सकाळी आपल्या रस्त्यावर रंगीत टोप्या घातलेले सायकलवाले दिसायला लागतात. बोईसरहून नवापूरला येतात, समुद्राचे फोटो काढतात आणि ऊन चढायच्या आत परत जातात. "एवढा घाम गाळून हे लोक इथे बघायला काय येतात?" असं मागच्या एका बैठकीत एका काकूंनी विचारलं, तेव्हा सगळ्या हसल्या. पण त्याच बैठकीत एका ताईने सायकलसाठी कर्ज मागितलं तेव्हा कुणी हसलं नाही. "सायकल म्हणजे काय धंदा आहे का?" एवढंच कुणीतरी म्हणालं आणि अर्ज पुढच्या महिन्यावर गेला.

मला वाटतं या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. रस्ता एकच आहे. पाहुणे त्यावर हौसेने येतात, आपल्याला त्यावरून कामाला जायचं असतं. म्हणून या अंकात आपल्या भागातल्या सायकलच्या वाटांबद्दल लिहिते आहे.

तीन वाटा

पहिली वाट बोईसर ते नवापूर. बोईसरच्या नवापूर नाक्यापासून समुद्रापर्यंत साधारण सात-आठ किलोमीटर. घाट नाही, मोठा चढ नाही. नवी शिकलेली बाईसुद्धा रमतगमत पाऊण तासात पोचते. पण बोईसरकडचा भाग औद्योगिक वसाहतीचा आहे. इथे भीती चढाची नाही, टँकरची आहे. मी पहिल्यांदा या रस्त्याने सायकलवर आले ती नेमकी पाळी सुटायच्या वेळेला. एक टँकर इतका जवळून गेला की मी रस्त्याच्या कडेवरून खाली घसरले, कोपर सोलपटलं. त्या दिवशी कळलं की या वाटेवर किती वाजता निघायचं हे आधी ठरवायचं, बाकी सगळं नंतर.

दुसरी वाट किनाऱ्याच्या गावांची : नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे. इथे जड वाहनं कमी. सुरूची झाडं, वाळत घातलेले बोंबील, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या. मुरब्याच्या पुढे खाडी आणि खाडीपलीकडे सातपाटी. ही गावं नुसती दिसायला सुंदर नाहीत. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. ते सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड आणि पालघरचे होते. पालघरचा हुतात्मा चौक त्यांचाच. पाहुण्यांना हे कोण सांगणार? आपणच सांगू शकतो.

तिसरी वाट उत्तरेची : बोईसरहून तारापूर, चिंचणी. तारापूरला जुना किल्ला आहे, चिंचणीला लांबलचक किनारा. नकाशात बघून बरेच जण समजतात की नवापूरहून किनाऱ्याकिनाऱ्याने थेट तारापूरला जाता येईल. तसं जाता येत नाही. मध्ये खाडी आहे, आणि पुढे १९६९ साली सुरू झालेल्या अणुवीज केंद्राचा बंदिस्त परिसर आहे. आत वळूनच जावं लागतं. ही वाट लांब पडते, म्हणून सवय झाल्यावरच धरावी.

वारा कुणाच्या बाजूने?

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना? रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ते मतलई वारे. दिवसा जमीन तापते, मग वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. ते खारे वारे. पावसाळा सोडला तर आपल्याकडे बहुतेक दिवस हेच चालतं.

आता गंमत बघा. बोईसरहून पहाटे निघालेल्या पाहुण्याला येताना वारा पाठीशी मिळतो आणि ऊन चढल्यावर परत जातानाही पाठीशी मिळतो. नवापूरहून सकाळी बोईसरला कामाला जाणाऱ्या बाईला मात्र जाताना समोरून आणि संध्याकाळी येतानाही समोरून. म्हणजे तोच रस्ता, पण आपल्याला जास्त दम लागतो. यात आपण कमजोर आहोत असं काही नाही, वाराच तसा आहे. म्हणून दहा मिनिटं आधी निघायचं, जोर न लावता सारख्या वेगाने पायडल मारायचं, आणि ओढणी किंवा पदर घट्ट खोचायचा. सैल कापडात वारा भरतो आणि ते साखळीतही अडकतं.

भरती-ओहोटी

मुलींना सायकल शिकवायला ओहोटीची ओली, घट्ट वाळू चांगली. पडलं तरी लागत नाही. वेळ कशी ओळखायची हे कोळी घरांतल्या ताईंना मी काय सांगणार! बाकीच्यांसाठी ढोबळ हिशेब असा : पौर्णिमा-अमावास्येला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी. पुढे रोज ही वेळ पाऊण-एक तासाने सरकते. अष्टमीच्या आसपास उलटं होतं, सकाळी भरती असते. वाळूतून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवा, पुसा आणि साखळीला तेल द्या. खाऱ्या पाण्याने एका पावसाळ्याइतका गंज महिन्याभरात चढतो.

अंतर कसं मोजायचं?

मोबाइलवर मोजता येतं. नाहीतर चाकाला एक रंगीत चिंधी बांधा. २६ इंची चाक एका फेऱ्यात साधारण दोन मीटर सात सेंटीमीटर जातं, म्हणजे एक किलोमीटरला सुमारे ४८० फेरे. दोघींनी मिळून मोजा, एकीने चालवायची, दुसरीने चालत फेरे मोजायचे. शाळेपर्यंत, दवाखान्यापर्यंत, बाजारापर्यंत किती अंतर आहे हे एकदा वहीत लिहिलं की "लांब आहे" हा शब्द आपोआप मोजून वापरला जातो.

सायकलला कर्ज द्यायचं का?

आता त्या ताईच्या अर्जाकडे येऊ. आकडे समजून घेण्यापुरते धरा. समजा रिक्षाला जाताना २० आणि येताना २० रुपये लागतात. महिन्यात २५ दिवस काम, म्हणजे भाडं १,००० रुपये. समजा सायकल ६,००० रुपयांची. गटाने महिना १ टक्का व्याजाने, उरलेल्या रकमेवर व्याज धरून, सहा हप्त्यांत कर्ज दिलं, तर मुद्दल दरमहा १,००० आणि व्याज पहिल्या महिन्यात ६०, मग ५०, ४०, ३०, २०, १०. एकूण व्याज २१० रुपये. म्हणजे जे पैसे रिक्षाला जात होते, तेवढ्यातच जवळपास हप्ता निघतो. सातव्या महिन्यापासून ते १,००० रुपये घरात. शिवाय व्याज गटातच राहतं. तुमच्या गावचं भाडं आणि तुमच्या गटाचा दर घालून हाच हिशेब करा. जमत नसेल तर नाही म्हणा, पण हिशेब करून नाही म्हणा.

हे नवीन नाही. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत बायकांना सायकल शिकवली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, नर्स अशा हजारो जणी शिकल्या. लेडीज सायकली मिळेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी दांडीवाल्या सायकली घेतल्या. सुरुवातीला लोकांनी टोमणे मारलेच. नंतर डोक्यावरचं पाणी सायकलवर आलं, तेव्हा टोमणे थांबले.

पाहुण्यांकडून आपल्याला काय?

सायकलवाल्याला चार गोष्टी लागतात : पिण्याचं स्वच्छ पाणी, गरम नाश्ता, हवेचा पंप आणि स्वच्छ संडास. चौथी गोष्ट महत्त्वाची, कारण ती नसली तर बायका सायकलवर येतच नाहीत. ज्या गटाला नाश्ता करायचा आहे त्यांनी आधी दोन रविवार नुसतं उभं राहून मोजावं, किती सायकली येतात, किती वाजता, कुठे थांबतात. मगच भांडी घ्यावीत. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, पोहे, शहाळं, उन्हाळ्यात ताडगोळे, एवढं पुरे. विकायचं म्हटलं की अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, त्याचा अर्ज भरायला मी मदत करीन.

पुढच्या बैठकीत

प्रत्येक गटाने एका कोऱ्या कागदावर आपल्या गावचा रस्ता काढून आणावा. टँकर कुठे येतात, दिवे कुठे नाहीत, कुत्री कुठे मागे लागतात, पावसात पाणी कुठे साचतं, सावली कुठे आहे, हे खुणा करून दाखवा. मुंबईच्या सायकलवाल्याच्या मोबाइलमध्ये हे काहीच नसतं. हे फक्त तुम्हाला माहीत आहे. तोच कागद ग्रामसभेत दिवे मागायला उपयोगी पडेल आणि तोच पाहुण्यांना दाखवायला.

आणि हो, त्या ताईचा अर्ज याच बैठकीत पुन्हा समोर आहे. मी तिच्याबरोबर दोन सकाळी किनाऱ्यावर जाऊन आले. तिला सायकल येते. लहानपणी भावाची चालवायची, लग्नानंतर सोळा वर्षं हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी दोनदा पडली. दुसऱ्या दिवशी आलेवाडीपर्यंत गेली आणि मला मागे टाकून गेली. हिशेबाचा कागद तिने स्वतः लिहिला आहे. तो नीट वाचा आणि मग ठरवा.

भेटू बैठकीत.

तुमची,
क्षेत्र समन्वयक