ओळ मोडावी कोठे?

गणित सोडवताना एखादी लांबलचक बेरीज वहीच्या ओळीत मावली नाही, तर उरलेला भाग तुम्ही खालच्या ओळीवर लिहिता. गुरुजी दोन्ही ओळी जोडून वाचतात. पण संगणकाला दिलेल्या आज्ञेची ओळ अशीच मोडली तर? एक साधा प्रयोग करून पाहू.

पायथॉन या संगणकीय भाषेत पुढील दोन ओळी फाइलमध्ये लिहा. दोन्ही ओळी डाव्या कडेपासूनच सुरू करा. आकडे मात्र इंग्रजी लिपीतले वापरा.

एकूण = ४० + ३५
+ २५

आता ‘एकूण’ची किंमत छापायला सांगा. उत्तर १०० यावे असे वाटते ना? प्रत्यक्षात येते ७५! आणि संगणक कसलीही तक्रार करीत नाही. कारण येथे ओळ संपली की आज्ञा संपते. दुसरी ओळ त्याच्या लेखी ‘अधिक २५’ ही एक सुटी संख्या. ती तो वाचतो आणि सोडून देतो.

हा धोका जुनाच आहे. १९२८ साली आयबीएम कंपनीने ८० रकान्यांचे पंचकार्ड आणले. एका रकान्यात एक अक्षर, तेही भोके पाडून नोंदवलेले. १९५७ साली आलेल्या फोर्ट्रान भाषेतील आज्ञा अशाच कार्डांवरून संगणकाला देत. ती ज्या ‘७०४’ या संगणकासाठी रचली, तो कार्डाचे ७२च रकाने वाचू शके. म्हणून आज्ञा ७ ते ७२ या रकान्यांत लिहायची. शेवटच्या ८ रकान्यांत कार्डाचा क्रमांक घालता येई. गठ्ठा हातातून पडून विस्कटला, तर तो पुन्हा लावायला उपयोगी! पण आज्ञेतील ‘+ २५’ चुकून ७२च्या पलीकडे गेले, तर ते यंत्राच्या दृष्टीने नव्हतेच. उत्तर गुपचूप चुके. आज्ञा पुढच्या कार्डावर न्यायची असेल, तर त्या कार्डाच्या ६व्या रकान्यात खूण करावी लागे.

पायथॉनमध्ये त्या खुणेचे काम कंस करतो:

एकूण = (४० + ३५
        + २५)

कंस बंद होईपर्यंत आज्ञा संपलेली नाही, हे संगणकाला कळते. उत्तर येते १००.

मग ओळ मोडायचीच कशाला? आपल्या डोळ्यांसाठी. लांब ओळ पडद्याबाहेर जाते किंवा भलत्याच ठिकाणी तुटते, आणि तिच्यातली चूक नजरेतून निसटते. पायथॉनच्या लेखनाचे ‘पेप ८’ नावाचे नियम २००१ साली तयार झाले. ते ओळ ७९ अक्षरांच्या आत ठेवायला सांगतात. नवी आज्ञावली लिहिताना बेरजेच्या चिन्हाआधी ओळ मोडावी, असेही ते आता सुचवतात. चिन्ह ओळीच्या आरंभी आले, की कोणती संख्या मिळवायची आणि कोणती वजा करायची, हे एका नजरेत दिसते.

जाता जाता आणखी एक प्रयोग. कंस काढून टाका, पण दुसरी ओळ आत सरकवलेलीच ठेवा. आता संगणक चूक दाखवून थांबेल. सांगा बरे, ही तक्रार बरी, की ते गुपचूप आलेले ७५?