लिंबाच्या पानातली चंदेरी रेघ

पाऊस सुरू झाला की मला रायपुरात एकाच प्रकारचे फोटो येतात. कागदी लिंबाचं कोवळं पान मुरडलंय, त्यावर वेडीवाकडी चांदीसारखी रेघ. खाली प्रश्न ठरलेला: औषध कोणतं मारू?

अनेकांना वाटतं, गोगलगाय फिरून गेली. पण पानावर बोट फिरवून बघा, रेघ पुसली जात नाही. कारण ती पानाच्या आत आहे. जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा एक पतंग कोवळ्या पानावर अंडं घालतो. अळी निघाली की थेट सालीखाली शिरते आणि पेशी फोडून त्यातला रस पीत पुढे सरकते. मधली काळपट रेषा ही तिची विष्ठा. शेवटी पानाची कड दुमडून ती आत कोष करते. विदर्भातले संत्रा बागायतदार तिला नागअळी म्हणतात. इकडे हिंदीत पर्ण सुरंगक. शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. युरोपात ओकच्या पानांत बोगदे करणारे काही पतंग हिच्याच कुळातले आहेत.

मोठं झाड हे नुकसान सहज सोसतं. खरी भीती खैऱ्या रोगाची. त्याचे जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांतून उडतात, आणि अळीने केलेली जखम म्हणजे त्यांच्यासाठी उघडं दार. कागदी लिंबू तर या रोगाला फारच लवकर बळी पडतं. अमेरिकेत फ्लोरिडात ही अळी 1993 साली पोहोचली, 1995 मध्ये तिथे खैऱ्या पुन्हा सापडला, आणि तो आवरायला लोकांच्या परसातलीसुद्धा लाखो झाडं तोडली गेली. रोग अळीने आणला नव्हता, पण त्याची वाट मात्र तिने सोपी केली.

मग करायचं काय? रेघ दिसते तेव्हा बरेचदा अळी निघून गेलेली असते. त्या पानावर औषध मारणं म्हणजे वरातीमागून घोडं. उलट, या अळीला मारणाऱ्या बारीक गांधीलमाश्या त्यात मरतात. पानं ओरबाडूही नका: झाड पुन्हा पालवी काढतं, आणि अळीला हवी असते ती पालवीच. जून पानाला ती तोंड लावत नाही.

म्हणून पावसाळ्यात छाटणी टाळा, युरिया हात राखून द्या, बुंध्यावरचे पाणसोट तेवढे काढा. रोप लहान असेल तर पालवी बोटभर असतानाच निंबोळी अर्क फवारा, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंना.