पेला सगळ्यांचा, सारखाच!

जानेवारी संपत आला होता. दिवेलागणीच्या वेळी शेजारच्या वहिनी मागच्या दाराने आल्या. लेकीचा साखरपुडा पंधरा दिवसांवर आलेला, म्हणजे खरं तर चेहऱ्यावर आनंद हवा. पण वहिनी स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"ताई, पाहुण्यांकडून निरोप आलाय. संध्याकाळी माणसांची 'व्यवस्था' काय करणार म्हणून विचारतात."

'व्यवस्था' या शब्दाचा अर्थ तुम्हा-आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. लग्नकार्यात सतरंज्या, मांडव, पंगत या सगळ्याला आपण व्यवस्थाच म्हणतो, पण पुरुष मंडळी आवाज खाली आणून 'व्यवस्था' म्हणतात तेव्हा तिचा अर्थ एकच असतो.

वहिनींच्या यजमानांची दारू सुटून येत्या फेब्रुवारीत तीन वर्षं होणार होती. त्याआधीची बारा वर्षं मी भिंतीपलीकडून ऐकलेली आहेत. उपचार झाले, पुन्हा पाय घसरला, पुन्हा उपचार झाले. आता भाऊजी दर आठवड्याला तालुक्याच्या गावी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जातात. 'फक्त आजचा दिवस' एवढंच धरून चालतात.

"ते स्वतःहून मागणार नाहीत, याची मला खात्री आहे," वहिनी म्हणाल्या. "पण कुणी तरी हातात ग्लास देऊन म्हणेलच ना, 'अहो घ्या हो, लेकीचा साखरपुडा काय रोज रोज होतो?' चारचौघांत किती वेळा नाही म्हणायचं माणसाने?"

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. व्यसनमुक्तीच्या कामात गेली काही वर्षं मी घरोघरी जाते. बायका सांगतात, रोजचे दिवस निभतात, भीती वाटते ती सणासमारंभाची. बारसं, वास्तुशांत, वरात! आनंदाचा दिवस आला की यांच्या पोटात गोळा उठतो.

मी म्हटलं, "वहिनी, व्यवस्था करायचीच, पण आपली. असं काही तरी प्यायला ठेवू, की नाही म्हणायची वेळच कुणावर येणार नाही."

माझी लेक बारावीला आहे. ती आतून ओरडली, "आई, मॉकटेल कर! मोसंबी, लिंबू, वरून थंडगार सोडा. मस्त फसफसतं!"

आमचा हा जालना जिल्हा म्हणजे मोसंबीचं आगर. फेब्रुवारीत मृग बहाराची मोसंबी बाजारात असते. लिंबंही उन्हाळ्यासारखी महाग झालेली नसतात. बेत सगळ्यांनाच आवडला. लेकीने तर उंच दांड्याचे काचेचे ग्लास भाड्याने आणायचे, कडेला लिंबाची चकती अडकवायची, इथपर्यंत तयारी केली.

भाऊजी तोवर गप्प होते. मग म्हणाले, "मॉक म्हणजे नकली ना गं बाळा? मला नकली दारू नको. तसला ग्लास, तसला फेस समोर आला की जुनं सगळं आठवतं. आणि मला एकट्याला वेगळा ग्लासही नको. आपले घरातले स्टीलचे पेले काढा. सगळ्यांना सारखे."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. इतकं साधं आमच्या लक्षात आलं नव्हतं! दारू सोडलेल्या काहींना दारूसारखं दिसणारं पेयसुद्धा त्रास देतं. म्हणून अशा माणसाला आधी विचारावं, आपणच ठरवून मोकळं होऊ नये.

गंमत म्हणजे, या फसफसणाऱ्या पाण्याचा आणि दारूचा जुना संबंध आहे. १७६७ साली इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली हा शास्त्रज्ञ बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. बिअर आंबत असलेल्या पिंपावर जो वायू साठतो, तो पाण्यात मुरवला तर पाण्याला छान चव येते, हे त्याने शोधलं. म्हणजे दारूच्या पिंपापाशी राहूनही दारू न झालेलं पाणी! हे मी भाऊजींना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "मग हा आमच्याच मीटिंगमधला दिसतोय!" पुढे १८७० च्या दशकात हायरम कॉड या इंग्रजाने गोटीची बाटली काढली. आतल्या वायूच्या जोराने गोटी तोंडाशी घट्ट बसते आणि बाटली बंद राहते. आपल्या लहानपणी जत्रेत फट्‌कन फुटायचा तो गोटी सोडा हाच.

पाहुण्यांसमोर फजिती नको म्हणून तीन दिवस आधी मी घरी करून पाहिलं. बरं झालं, कारण फजिती माझ्याच स्वयंपाकघरात झाली. सकाळी मोसंबीच्या फोडी बियांसकट मिक्सरमधून काढल्या, रस गाळून ठेवला आणि संध्याकाळी चाखला तर कडू! मोसंबी-संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने त्यात कडवटपणा उतरतो. बिया आणि पांढरी साल भरडली गेली तर जास्तच. सोडा फ्रीजमध्ये ठेवायला विसरले होते, तो ओतल्यावर दोन मिनिटांत मेला. वायू थंड पाण्यात टिकतो, कोमट पाण्यातून लगेच उडतो. आणि शेवटी चवीला काळं मीठ वरून भुरभुरलं, तर पेला असा उतू गेला की ओट्यावरून थेट माझ्या पायावर!

जाऊबाईंनी फोनवर सल्ला दिला, "सोडा कशाला विकत आणतेस? लिंबाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाक." तेही केलं. फसफसतं खरं, पण क्षणभरच. लिंबाचा आंबटपणा निघून जातो आणि तोंडात खारट, साबणासारखी चव राहते. शिवाय रक्तदाबवाल्यांना तो नकोच. तेव्हा मैत्रिणींनो, तुम्ही तरी त्या वाटेला जाऊ नका.

दुसऱ्या खेपेला मात्र जमलं. प्रमाण लिहून ठेवलं, ते असं :

साहित्य (दहा पेल्यांसाठी) : सात-आठ रसदार मोसंबी (साधारण दीड किलो), चार-पाच लिंबं, एक वाटी साखर, एक वाटी पाणी, दोन चमचे आल्याचा रस, अर्धा चमचा काळं मीठ, पुदिन्याची मूठभर पानं, एक लिटर साधा सोडा, बर्फ.

कृती : सोडा आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा. साखर-पाणी उकळून साखर विरघळली की उतरवा. गरम पाकातच काळं मीठ विरघळवा, म्हणजे पुढे पेला उतू जाणार नाही. एका लिंबाची फक्त पिवळी साल हलक्या हाताने किसून त्यात टाका. पांढरा भाग आला की कडू झालंच समजा. पाक गार झाला की गाळून आल्याचा रस घाला.

मोसंबी आडवी कापून हाताच्या रसयंत्रावर पिळा, मिक्सर नको. लिंबंही शेवटच्या थेंबापर्यंत दाबू नका. रस पाहुणे येण्याच्या तासभर आधीच काढा, बिया काढून थंड ठेवा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट रस ठेवू नये. दोन्ही रस एकत्र करून पाक घाला. सगळा एकदम ओतू नका, निम्मा घालून चाखा आणि मग लागेल तसा वाढवा.

पेल्यात बर्फाचे दोन-तीन खडे, पेला अर्ध्याला थोडा कमी भरेल इतका रस, तळहातावर एकदा थोपटलेली पुदिन्याची पानं आणि सर्वांत शेवटी सोडा. तो पेला तिरपा धरून कडेने ओता. चमचा खालून वर एकदाच फिरवा, घुसळू नका. आणि सोडा घातला की लगेच हातात द्या. हे पेय वाट पाहत नाही!

बर्फाविषयी एक सांगते. तो घरीच गाळलेल्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्याचा लावा. लादीचा बर्फ बहुतेक वेळा खाण्यासाठी नसतोच. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळी छटा देण्याचा नियम आहे, तेव्हा तसा बर्फ दिसला तर पेल्यात टाकू नका.

मधुमेह असलेल्यांना पाक आणि मोसंबी वगळून लिंबू, आलं, पुदिना आणि सोडा द्या, रक्तदाबवाल्यांना मिठाशिवाय. पण पेला तोच! वहिनींच्या सासूबाईंना दर कार्यात 'तुम्हाला चालत नाही' म्हणून बाजूला बसवलं जायचं. त्यांनाही यावेळी सगळ्यांसारखाच पेला मिळाला.

साखरपुड्याला ऐंशी माणसं होती. बारा किलो मोसंबी, चाळीस लिंबं, नऊ लिटर सोडा. आमच्या बचत गटातल्या चौघीजणी पिळायला बसल्या, दोघींनी पेल्यांची बाजू धरली. दहा-दहा पेले भरायचे आणि लगेच फिरवायचे. अंगठ्या घालून झाल्या आणि भाऊजींनी स्वतः पहिला ट्रे उचलला. व्याह्यांच्या हातात पेला दिला, दुसरा स्वतः घेतला.

पाहुण्यांपैकी एकाने डोळा मिचकावत विचारलंच, "यात काही घातलंय की नाही?"

"घातलंय ना," भाऊजी म्हणाले, "जालन्याची मोसंबी!"

सगळे हसले. त्या हसण्यात तो प्रश्न विरून गेला. मी वहिनींकडे पाहिलं. बोटाला गुंडाळलेला पदर सुटला होता.

सगळं गोड गोड झालं असं मात्र सांगणार नाही. जेवणं झाल्यावर चार-पाच जण गाडी काढून कुठे तरी गेलेच. जाणारच. पण मांडवात तो विषय आला नाही. निघताना नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंनी माझा हात धरला. हळूच म्हणाल्या, "आमच्या घरातही एकांचं बंद आहे. दर कार्यात ते लवकर उठून जातात. आज शेवटपर्यंत बसले."

मैत्रिणींनो, एका पेल्याने व्यसन सुटत नाही. ते आजारपण आहे, त्याला उपचारच लागतात. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, त्यानंतर या विषयावर उघड बोलण्याचं बळ आपल्याकडच्या कितीतरी घरांना मिळालं. रोज खूप पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, डॉक्टरांना विचारूनच करावं. सोडल्यानंतरचा प्रत्येक दिवस त्याचा त्यालाच काढावा लागतो.

पण समारंभ आपला असतो. पाहुण्यांच्या हातात काय द्यायचं, हे यजमानीणबाई ठरवू शकतात. येणाऱ्यांत कुणी दारू सोडलेलं असतं, कुणी पोटुशी असते, कुणाला साखर चालत नाही, कुणी लहान असतं. त्यांच्यापैकी कुणालाही 'मला नको' म्हणावं लागू नये, एवढं आपण नक्की करू शकतो.

आता मे महिन्यात लग्न आहे. लिंबं तेव्हा महाग असतील, मोसंबीचाही हंगाम सरलेला असेल. वहिनी कालच विचारत होत्या, "ताई, कैरीचं पन्हं सोड्यात कसं लागेल?"

आज संध्याकाळी करून बघणार आहोत. काळं मीठ आधीच विरघळवून!