सभाधीटपणाचा वर्ग

चार माणसांत उभें राहून बोलावयाचें म्हटलें, कीं भल्याभल्यांची पांचावर धारण बसते. परीक्षेचा पेपर निमूटपणें सोडविणारा हुशार विद्यार्थी वर्गासमोर उभा राहिला, कीं त्याच्या तोंडाला कोरड पडते, गुडघे लटपटतात आणि पाठ केलेलें पहिलेंच वाक्य हरवतें. ही भीति म्हणजे स्वभावाचा दोष समजून सोडून द्यावी, कीं पोहणें शिकवावें त्याप्रमाणें सभेंत बोलणेंहि शिकवितां येईल? अमेरिकेंतील महाविद्यालयांनीं या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे. तेथें अनेक महाविद्यालयांत ‘सार्वजनिक भाषण’ हा गणित-रसायनासारखाच एक विषय असून, कित्येक ठिकाणीं तो पदवीसाठीं सक्तीचाहि आहे. महाराष्ट्रांतून पदवीच्या शिक्षणासाठीं तिकडे गेलेल्या मुलामुलींनाहि पुष्कळदां या वर्गाला तोंड द्यावें लागतें.

या विषयाचा इतिहास मोठा आहे. हार्वर्ड येथील वक्तृत्वशास्त्राच्या बॉइल्स्टन अध्यासनावर १८०६ सालीं पहिले प्राध्यापक म्हणून आले ते जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. हेच पुढें १८२५ सालीं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. एकोणिसाव्या शतकांत मात्र या विद्येला कवायतीचें रूप आलें. हात किती उचलावा, आवाज कोठें चढवावा, दुःख दाखवितांना मान कशी वळवावी, याचेच धडे दिले जात. मग १९१४ सालीं सतरा अध्यापकांनीं इंग्रजीच्या शिक्षकांपासून वेगळें होऊन भाषणशिक्षकांची आपली स्वतंत्र संस्था काढली. त्यांच्यापैकीं जेम्स वाइनन्स यांनीं १९१५ सालच्या आपल्या पुस्तकांत असें प्रतिपादिलें, कीं भाषण हें नाटक नव्हे; तें मोठ्या मंडळीशीं केलेलें संभाषणच होय. समोरच्या माणसाला कांहीं सांगावयाचें आहे, ही जाणीव बोलतांना जागी असली, म्हणजे आवाज आणि हातवारे आपोआप ठिकाणावर येतात. आजच्या वर्गाची बैठक बव्हंशीं याच विचारावर आहे.

असा वर्ग बहुधा लहान असतो, कारण प्रत्येकाला बोलण्याची पाळी मिळाली पाहिजे. प्रथम एकदोन मिनिटांत स्वतःची ओळख करून द्यावयाची. नंतर एखादी गोष्ट समजावून सांगावयाची. त्यानंतर श्रोत्यांचें मत वळविण्यासाठीं बोलावयाचें. आणि मधूनमधून आयत्या वेळीं दिलेल्या विषयावर उभें राहावयाचें, अशी पायरीपायरीनें चढण असते. भाषण संपूर्ण लिहून आणूं नये, मुद्द्यांचा आराखडा करावा व छोट्या पत्त्यावर चार शब्द टिपून आणावे, असा दंडक असतो. वेळ घड्याळावर मोजतात. पुष्कळ ठिकाणीं भाषणाचें चित्रमुद्रण करून तें विद्यार्थ्यालाच पाहावयास लावतात, आणि सोबती त्यावर आपला अभिप्राय देतात.

विद्यार्थ्यांचा पहिला अनुभव अर्थातच भीतीचा. पाळी येईपर्यंत छातींत धडधड चालते. नांव पुकारलें, कीं हात गार पडतात. हा दुबळेपणा नव्हे, शरीराचा धर्म आहे. संकट समोर दिसतांच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलीन नांवाचा स्राव रक्तांत उतरतो, आणि लढावें किंवा पळावें यासाठीं अंगाची तयारी होते. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञानें १९१५ सालीं या क्रियेचें वर्णन केलें. वीस जोडी डोळे एकदम आपल्याकडे वळले, कीं शरीर त्यालाहि संकटच समजतें. परंतु ही धडधड सामान्यतः बोलण्याच्या आरंभीं सर्वांत जास्त असते व पुढें उतरत जाते. म्हणून अनुभवी शिक्षक सांगतात, कीं पहिलीं दोन वाक्यें तेवढीं पक्कीं करून यावें. तेवढ्यानें उतार लागतो.

दुसरा अनुभव आश्चर्याचा. ‘माझी तर पार फजिती झाली’ असें म्हणत जो खालीं बसतो, त्याचेच सोबती ‘तूं किती शांत होतास’ असें म्हणतात. आणि चित्रमुद्रण पाहिलें, तर सोबत्यांचेंच म्हणणें खरें ठरतें! आपल्या अंतरींची खळबळ लोकांना दिसते असें आपणांस वाटतें, तितकी ती दिसत नाहीं. सॅव्हिट्स्की व गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं विद्यार्थ्यांना ही गोष्ट भाषणापूर्वीं समजावून सांगितली होती; त्यांचीं भाषणें इतरांपेक्षां सरस ठरलीं. २०१४ सालीं अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. ‘शांत हो’ असें मनाला बजावणाऱ्यापेक्षां ‘मला उत्साह आला आहे’ असें म्हणणारे अधिक चांगले बोलले. धडधड तीच, तिला नांव कोणतें द्यावयाचें एवढाच प्रश्न.

मराठी विद्यार्थ्यांपुढें कांहीं निराळ्या अडचणी येतात. आपल्याकडे व्याख्यानांची परंपरा थोर आहे. न्यायमूर्ति रानडे यांच्या प्रेरणेनें १८७५ सालीं पुण्यांत सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला तिची साक्ष देईल. परंतु शाळांतील वक्तृत्वस्पर्धांत पुष्कळदां दुसऱ्या कोणी लिहून दिलेलें भाषण मूल घोकून म्हणतें आणि बक्षीस मिळवितें. अशा बक्षिसांनीं कपाट भरलेला मुलगा या वर्गांत अडखळतो. कारण येथें घोकलेली साखळी एका कडीशीं तुटली, कीं सारीच हातची जाते. उलट, घरीं कधीं फारसें न बोललेली मुलगी आईच्या हातच्या लोणच्याची कृति मुद्द्यांवरून सांगूं लागते, आणि वर्ग कान देऊन ऐकतो. वडील माणसांच्या डोळ्याला डोळा भिडवूं नये, स्वतःचें कौतुक स्वतः करूं नये, या शिकवणींत वाढलेल्यांना श्रोत्यांकडे सरळ पाहणें व स्वतःविषयीं बोलणें जड जातें. उच्चार निराळे म्हणून लोक हंसतील, हें भय वेगळेंच. त्यावर उपाय एवढाच, कीं सावकाश बोलावें, महत्त्वाच्या शब्दापुढें क्षणभर थांबावें. उच्चार बदलावा लागत नाहीं. घाई मात्र सोडावी लागते.

सुरुवातीची फजिती म्हणजे कायमचा निकाल नव्हे, याचें सर्वांत ठळक उदाहरण महात्मा गांधींचें आहे. विलायतेंत शाकाहारी मंडळींच्या सभांत त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. १८९१ सालीं परत आल्यानंतर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत साक्षीदाराची उलटतपासणी करण्यास ते उभे राहिले, तों डोळ्यांपुढें अंधारी आली; ते खालीं बसले आणि घेतलेली तीस रुपये फी त्यांनीं परत केली. पुढें १८९३ सालीं प्रिटोरिया येथें हिंदी व्यापाऱ्यांसमोर त्यांनीं व्यापारांतील सचोटीवर भाषण केलें. तेंच आपलें पहिलें जाहीर भाषण, असें ते आत्मकथेंत लिहितात. मधल्या काळांत त्यांनीं कोणताहि वर्ग केला नव्हता. पण प्रिटोरियांत सांगण्याजोगें कांहीं होतें, आणि तें ऐकण्याची गरज ज्यांना होती ते समोर बसले होते. भित्रेपणामुळें शब्द काटकसरीनें वापरण्याची संवय लागली, हा लाभहि त्यांनीं नमूद केला आहे.

या वर्गाला मर्यादाहि आहेत. भीति समूळ जात नाहीं. तिच्यासह काम करतां येतें, एवढेंच. ज्याला तोतरेपणा आहे, किंवा ज्याची भीति आजाराच्या थराला पोंचली आहे, त्याला केवळ ‘धीट हो’ म्हणून भागत नाहीं. त्याला वेळेची सवलत व तज्ज्ञाचें साहाय्य मिळालें पाहिजे. शिक्षकानें चारचौघांत टर उडविली, तर एकाच तासांत मुलाचें तोंड वर्षानुवर्षें बंद होऊं शकतें. म्हणूनच अशा वर्गांत ऐकणाऱ्यांचें शिक्षणहि तितकेंच महत्त्वाचें मानतात. दुसऱ्याचें भाषण मन लावून ऐकावें, आधीं काय साधलें तें सांगावें, मग काय सुधारावें तें. ही शिस्त पुष्कळांना बोलण्याहून कठीण वाटते.

आणि हें सर्व कशासाठीं? प्रत्येकानें व्याख्याता व्हावें, असा याचा हेतु नाहीं. परंतु ग्रामसभेंत पाण्याचा प्रश्न निघतो, शाळेंत पालकांची बैठक भरते, कारखान्यांत सुरक्षिततेविषयीं विचारणा होते; अशा वेळीं ज्याला खरी माहिती असते तोच पुष्कळदां गप्प बसतो, आणि धीट तोंडाचा दुसरा कोणी निर्णय घेऊन जातो. त्या गप्प बसण्याची किंमत साऱ्या गांवाला मोजावी लागते. आपल्या शाळांनीं यासाठीं मोठा खर्च करण्याचें कारण नाहीं. आठवड्यांतून एक तास, प्रत्येक मुलाला दोन मिनिटें, विषय त्याच्या रोजच्या पाहण्यांतला, हातांत कागद नाहीं आणि हंसण्याला मनाई. एवढ्यावर आरंभ करतां येईल.