गॅस मुखवटे, जुने लष्करी

गॅस मुखवटे, जुने लष्करी : विषारी वायू, धूर व सूक्ष्म कण यांपासून श्वसनमार्ग, डोळे आणि चेहरा यांचे रक्षण करण्यासाठी सैन्याने अथवा नागरी संरक्षण दलांनी पूर्वी वापरलेले व नंतर सेवेतून काढून टाकलेले मुखवटे. दोन्ही महायुद्धे आणि त्यांनंतरचे शीतयुद्ध या काळात असे मुखवटे कोट्यवधींच्या संख्येने तयार झाले. गरज संपल्यावर त्यांपैकी पुष्कळसे जुन्या युद्धसाहित्याच्या बाजारात आले आणि तेथून संग्राहक, नाट्यसंस्था, शाळा व हौशी मंडळी यांच्या हाती पडले. श्वास सुरक्षित ठेवण्यासाठी बनविलेली ही वस्तू कालांतराने श्वासालाच अपायकारक ठरू शकते. हा अपाय दोन प्रकारचा आहे. एक मुखवट्याच्या गाळणीत मुळातच वापरलेल्या द्रव्यांमुळे होतो व तो मुखवटा नुसता बाळगणाऱ्यालाही संभवतो. दुसरा मुखवटा आजही संरक्षण देईल या समजुतीने तो वापरणाऱ्याला होतो. दुसरा अधिक त्वरित व अधिक घातक आहे. परंतु चर्चा बहुधा पहिल्याचीच होते.

रचना व कार्य : २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायूचा मोठ्या प्रमाणावर वापर केला, तेव्हा दोस्त सैन्याजवळ संरक्षणाचे कोणतेही साधन नव्हते. चारच दिवसांनी, २६ एप्रिल रोजी, त्याच आघाडीवर चढाई करणाऱ्या भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनलाही या वायूला तोंड द्यावे लागले. ओला कपडा अथवा कापसाची गादी नाकातोंडावर बांधणे हा पहिला उपाय होता. नंतर हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटाच्या) विद्रावात भिजविलेल्या कापडी टोप्या आल्या. रशियात न्यिकलाय झिलीन्स्की यांनी १९१५ मध्ये सक्रियित कोळशाचा उपयोग सुचविला व पुढील सर्व मुखवट्यांचा तो आधार झाला. १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्यात आलेल्या मुखवट्यात गाळणीची डबी छातीवरील पिशवीत असून ती नळीने चेहऱ्यावरील आच्छादनास जोडलेली असे.

सक्रियित कोळसा अत्यंत सच्छिद्र असून त्याच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग हजार चौ. मी.च्या आसपास असू शकतो. वायूचे रेणू या पृष्ठभागाला चिकटून राहतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. फॉस्जीन, हायड्रोजन सायनाइड यांसारखे जे वायू नुसत्या कोळशाने पुरेसे अडत नाहीत, त्यांच्यासाठी कोळशावर धातूंच्या संयुगांचा लेप देतात किंवा कोळशात इतर रसायने मिसळतात. श्वास आत घेताना हवा गाळणीतून येते व सोडलेला श्वास स्वतंत्र झडपेतून बाहेर जातो. मुखवट्याची कार्यक्षमता म्हणून तीन गोष्टींवर अवलंबून असते : गाळणीतील द्रव्य ताजे असणे, झडपा नीट बसणे आणि रबराची कड चेहऱ्याला सर्व बाजूंनी घट्ट टेकणे. वयोमानाने या तिन्ही गोष्टी बिघडतात.

ॲस्बेस्टसचा वापर : कोळसा वायू अडवितो, धूर अडवीत नाही. जुलै १९१७ पासून जर्मन सैन्याने डायफिनिल क्लोरोआर्सिनासारखी आर्सेनिकयुक्त संयुगे वापरावयास सुरुवात केली. स्फोटानंतर त्यांचे अतिसूक्ष्म कण हवेत पसरत. वायूचा रेणू वेगाने इतस्ततः फिरत असल्याने कोळशाच्या कणांमधील फटींतून जाताना त्याच्या पृष्ठभागावर आदळतोच. धुराचा कण त्यामानाने फार मोठा व मंद असल्याने हवेच्या प्रवाहाबरोबर फटीतून सरळ निसटतो. त्याला अडविण्यासाठी तंतूंचे दाट जाळे लागते आणि तंतू जितके बारीक तितकी गाळणी चांगली, शिवाय श्वासाला होणारा विरोधही कमी. कापूस, लोकर, नमदा व कागद यांचे प्रयोग झाले. परंतु त्या काळी सहज मिळणाऱ्या द्रव्यांत ॲस्बेस्टसाइतका बारीक तंतू दुसरा नव्हता. लोकरीत किंवा कागदाच्या लगद्यात तो मिसळल्यास गाळणीचा गुण कितीतरी पटींनी वाढे. ज्या बारीकपणामुळे हा तंतू गाळणीत उपयुक्त ठरला, त्याच बारीकपणामुळे तो फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचतो व तेथे टिकून राहतो.

ब्रिटनमध्ये म्यूनिक पेचप्रसंगाच्या वेळी, सप्टेंबर १९३८ पर्यंत, नागरिकांना सुमारे ३ कोटी ८० लक्ष मुखवटे वाटण्यात आले. प्रौढांचे काळे मुखवटे, लहान मुलांसाठी लाल-निळे रंगीत मुखवटे आणि तान्ह्या मुलांना कमरेपर्यंत आत ठेवून भात्याने हवा देण्याची शिरस्त्राणे असे त्यांचे प्रकार होते. १९४० मध्ये आर्सेनिकयुक्त धुराच्या भीतीने नागरी मुखवट्यांच्या टोकाला एक जादा गाळणी चिकटपट्टीने जोडण्यात आली. नागरी मुखवट्यांत बहुधा क्रायसोटाइल म्हणजे पांढरे ॲस्बेस्टस, तर लष्करी मुखवट्यांत क्रोसिडोलाइट म्हणजे निळे ॲस्बेस्टस वापरले जाई. या दोहोंपैकी निळे अधिक घातक होय. जर्मन मुखवट्यांतील गाळणकागदातही ॲस्बेस्टसचे तंतू होते. हस्तगत केलेल्या अशा कागदाच्या अभ्यासातूनच अमेरिकेत पुढे अतिकार्यक्षम हवा-गाळण्यांचा विकास झाला. रुग्णालयांत व प्रयोगशाळांत आज वापरात असलेल्या काचतंतूंच्या गाळण्यांचे मूळ अशा रीतीने एका लष्करी मुखवट्यात सापडते. शीतयुद्धकाळातील सोव्हिएट बनावटीच्या काही गाळण्यांच्या कागदी थरातही क्रायसोटाइल आढळल्याचे सांगितले जाते. ते सर्वच उत्पादनांत असेल असे नाही, परंतु डबीच्या बाह्य स्वरूपावरून तसा निर्वाळा देता येत नाही. प्रयोगशाळेतील तपासणी हाच एक मार्ग आहे.

कारखान्यांतील अनुभव : ॲस्बेस्टसाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात हे त्या वेळी अज्ञात नव्हते. ब्रिटनमध्ये या उद्योगासाठी १९३१ मध्येच नियम करण्यात आले होते. फुप्फुसावरणाच्या मेसोथेलिओमा या कर्करोगाशी असलेला संबंध मात्र दक्षिण आफ्रिकेतील खाण-परिसरातील रुग्णांच्या अभ्यासातून १९६० मध्ये पुढे आला. त्यानंतर मुखवट्यांच्या कारखान्यांत युद्धकाळात काम केलेल्यांचा माग काढण्यात आला. कॅनडातील अशा कामगारांचा अभ्यास १९७८ मध्ये, इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील कारखान्याचा १९८० मध्ये, तर ब्लॅकबर्न व लेलंड येथील स्त्री-कामगारांचा १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. लेलंडच्या स्त्रियांनी क्रोसिडोलाइट हाताळले होते. त्यांच्यात फुप्फुसाच्या व फुप्फुसावरणाच्या कर्करोगांनी झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा बरेच अधिक भरले. क्रायसोटाइल हाताळणाऱ्या ब्लॅकबर्नच्या स्त्रियांत हे प्रमाण पुष्कळ कमी होते. यांतील अनेकींनी युद्धाच्या काही वर्षांपुरतेच हे काम केले होते आणि रोग प्रकट झाला तो कित्येक दशकांनंतर. शत्रूच्या वायूपासून नागरिकांना वाचविण्यासाठी बनविलेले हे मुखवटे विषारी वायूविरुद्ध वापरण्याची वेळ ब्रिटनमध्ये आलीच नाही. त्यांची प्राणहानीची नोंद आहे ती ते बनविणाऱ्यांची.

या निष्कर्षांवरून जुना मुखवटा एकदा हातात धरणाऱ्याला कर्करोग होईल असे अनुमान काढणे चुकीचे होईल. कारखान्यात दिवसेंदिवस धुळीत काम करणे आणि कपाटातील वस्तू हाताळणे यांतील मात्रांत फार मोठे अंतर आहे. तथापि ॲस्बेस्टसची निश्चितपणे निर्धोक अशी किमान मात्रा ठरविता आलेली नाही. शिवाय ऐंशी वर्षांच्या गाळणीतील गादी ठिसूळ झालेली असते, डबीला गंज चढलेला असतो आणि मुखवटा तोंडावर चढवून श्वास घेतल्यास सुटलेले तंतू थेट नाकातोंडात ओढले जातात. लहान मुलांच्या बाबतीत तर रोगाच्या सुप्त कालाला पुढे संपूर्ण आयुष्य उपलब्ध असते. ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा प्रशासनाने मे २०१४ मध्ये शाळांना सूचना देऊन पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांतील मुखवटे विद्यार्थ्यांना हाताळावयास किंवा घालावयास देऊ नयेत असे कळविले. इतिहासाच्या तासाला असे मुखवटे वर्गात फिरविण्याची तेथे प्रथाच पडली होती.

क्रोमियम व इतर द्रव्ये : अमेरिकन लष्करी गाळण्यांतील कोळशावर दीर्घकाळ तांबे, चांदी व क्रोमियम यांच्या संयुगांचा लेप दिला जात असे. यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगजनक आहे. गाळणी फुटल्यास किंवा आतील कोळशाचा भुगा होऊन तो श्वासाबरोबर आल्यास धोका उद्‌भवतो. १९९० नंतरच्या काळात तेथे क्रोमियमविरहित कोळसा वापरात आला. म्हणजे अलीकडची भासणारी गाळणीही या दृष्टीने निर्दोष असेलच असे नाही. यांहून वेगळा प्रकार म्हणजे बंद मंडलाची श्वसनयंत्रे. काही सोव्हिएट संचांतील डबी ही गाळणी नसून तीत पोटॅशियम सुपरऑक्साइडासारखे ऑक्सिजन देणारे रसायन असते. पाणी, तेल किंवा ज्वालाग्राही पदार्थ यांच्याशी त्याची तीव्र विक्रिया होऊन आग लागू शकते. अशी डबी कुतूहलाने उघडणे किंवा धुणे अत्यंत धोक्याचे आहे.

वापरातील धोके : गाळणीचा मुखवटा ऑक्सिजन निर्माण करीत नाही, तो केवळ भोवतालची हवा गाळतो. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांहून कमी झाल्यास असा मुखवटा वापरण्यास अयोग्य ठरतो. जुन्या विहिरी, मळटाक्या, गटारांची भुयारे, धान्याची बंद कोठारे यांत ऑक्सिजन कमी असतो किंवा हायड्रोजन सल्फाइड, कार्बन डाय-ऑक्साइड यांचे प्रमाण अतिशय वाढलेले असते. तेथे मुखवटा घालून उतरणारा मनुष्य उघड्या तोंडाने उतरणाऱ्याइतकाच असुरक्षित असतो. उलट मुखवट्याच्या भरवशावर तो अधिक खोल जातो. अशा जागी बाहेरून नळीने हवा पुरविणारे किंवा पाठीवर हवेचे नळकांडे असणारे साधनच लागते. आगीच्या वेळी हाच भ्रम घातक ठरतो. जळणाऱ्या घरातील कार्बन मोनॉक्साइड सक्रियित कोळशाने अडत नाही. त्यासाठी हॉप्कॅलाइट या ऑक्साइडमिश्रणाची वेगळी गाळणी लागते व ती साध्या लष्करी मुखवट्यात नसते.

मुखवट्यामुळेच गुदमरून मृत्यू आल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. १९९१ च्या आखाती युद्धात इराकने इझ्राएलवर क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा रासायनिक हल्ल्याच्या भीतीने नागरिकांनी घाईघाईने मुखवटे चढविले. त्यांपैकी काहींनी गाळणीच्या तोंडाचे बूच काढलेच नाही व ते गुदमरून मरण पावले. तेथे मुखवटे नवे होते आणि सूचनाही देण्यात आलेल्या होत्या. जुन्या बाजारातून घेतलेल्या मुखवट्याबरोबर सूचनापत्रक बहुधा नसते, असल्यास ते परक्या भाषेत असते, आणि सोव्हिएट गाळणीच्या तळाशी असलेले रबरी बूच तर माहिती नसणाऱ्याला डबीचाच भाग वाटते. झडपेची चकती कडक होऊन चिकटली असल्यासही श्वास कोंडतो. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांना तर सुस्थितीतील मुखवट्यातून श्वास घेणेही कष्टाचे होते.

कीटकनाशके फवारताना, रंगकामात, तसेच २०२० मधील कोव्हिड महासाथीत जुने लष्करी मुखवटे वापरण्याचे प्रकार झाले. ते युक्त नव्हेत. मोहोरबंद गाळणीचीही कालमर्यादा साधारणतः दहा ते वीस वर्षेच असते. मोहोर फुटल्यावर कोळसा हवेतील बाष्प शोषून घेतो व त्याची शक्ती लवकर घटते. वास येत नाही म्हणून गाळणी चालू आहे, असे समजणे चूक आहे, कारण अनेक विषारी वायूंना जाणवण्याजोगा वास नसतो. सोडलेला श्वास झडपेतून न गाळता बाहेर पडत असल्याने रुग्णाच्या तोंडावरील असा मुखवटा इतरांचे रक्षण करीत नाही. दाढी असल्यास रबराची कड चेहऱ्याला नीट टेकत नाही. काही जुन्या मुखवट्यांच्या ४० मिमी. आट्यावर नवी गाळणी बसते व पुष्कळ जण हा तोडगा सुचवितात. परंतु रबर, कड व झडपा जुन्याच राहत असल्याने अशा जोडणीची ग्राह्यता कोणत्याही प्रमाणपत्रात येत नाही.

हाताळणी व विल्हेवाट : संग्रहासाठी मुखवटा ठेवावयाचा असल्यास प्रथम गाळणी वेगळी होते की नाही हे पाहावे. ती आट्याने बसविलेली असल्यास न हलविता, न झटकता सावकाश काढावी, दोन जाड प्लॅस्टिक पिशव्यांत एकीत एक अशी बंद करावी व तीवर ॲस्बेस्टस असल्याचे लिहावे. गाळणी काढल्यावर उरलेला रबरी भाग ओल्या कापडाने पुसल्यास सामान्यतः ठेवण्यास हरकत नसते. नाटकात किंवा चित्रपटात असाच रिकामा भाग किंवा नव्याने बनविलेली प्रतिकृती वापरावी. गाळणी मुखवट्याचाच अविभाज्य भाग असल्यास, ब्रिटिश नागरी मुखवट्यांत ती तशी असते, संपूर्ण वस्तू मोहोरबंद काचपेटीत ठेवावी. डबी फोडू नये, तिला भोके पाडू नयेत, ती कापू किंवा झाडू नये. आतील पदार्थ सांडल्यास ओल्या फडक्याने टिपून तेही फडके त्याच पिशवीत घालावे. टाकून द्यावयाची गाळणी घरगुती कचऱ्यात न टाकता घातक कचऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावी.