ब्रेकचे पॅड, वॉरंटी आणि २,५४४ कोटी

२,५४४.६४ कोटी रुपये. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून ठोठावलेला हा दंड. टाटा मोटर्सला १,३४६.४६ कोटी, मारुती सुझुकीला ४७१.१४ कोटी, महिंद्राला २९२.२५ कोटी. एकूण दंडापैकी ८३ टक्के या तिघांच्याच वाट्याला आला, पण त्यावरून कोणाचा गुन्हा मोठा हे ठरवू नये. दंड सरासरी उलाढालीच्या २ टक्के होता, त्यामुळे ज्याचा धंदा मोठा त्याचा आकडा मोठा. ह्युंदाईचा निकाल वेगळा, २०१५ मध्ये लागला : ४२०.२६ कोटी.

आरोप तीन प्रकारचे होते. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ द्यायचे नाहीत, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची यंत्रे बाहेरच्या गॅरेजला द्यायची नाहीत, आणि गाडी बाहेर दाखवली तर वॉरंटी जाईल अशी भीती घालायची. काही सुट्या भागांवर खरेदीच्या १०० टक्क्यांपासून ५,००० टक्क्यांपर्यंत चढ लावल्याचे तपासात दिसले. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निस्सान यांच्यापुरता दोष कायम ठेवला, पण दंड संपूर्ण उलाढालीऐवजी सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजायला सांगितला.

घरी ब्रेक पॅड बदलू पाहणाऱ्याने आयोगाच्या २०१४ च्या आदेशातले एक कलम लक्षात ठेवावे. बाहेरच्या गॅरेजकडून काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कलमात शब्द गॅरेजचा आहे, मालकाच्या स्वतःच्या हाताचा उल्लेख नाही. तरी तत्त्व तेच लागू पडावे, असे मला वाटते. पॅड तुम्ही बदललेत म्हणून एसीचा कॉम्प्रेसर नाकारता येणार नाही. मात्र कॅलिपर उतरवताना तुम्ही एबीएसच्या सेन्सरची वायर तोडली असेल, तर त्या सेन्सरसाठी कंपनीच्या दारात जाऊ नका.

मुळात ब्रेक पॅड वॉरंटीत असतात का? सहसा नसतात. मारुतीने जुलै २०२४ पासून २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरची वॉरंटी वाढवून ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली. तरी पॅड, लायनर, क्लच प्लेट, वायपरची रबरे हा झिजणारा माल बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत वगळलेलाच असतो. पॅडमध्ये कारखान्याचा दोष निघाला तर गोष्ट वेगळी. म्हणजे जे कंपनी फुकट बदलून देणारच नव्हती, ते स्वतः बदलले तर वॉरंटी जाईल म्हणून लोक घाबरतात. खरा धोका दुसरीकडे आहे : ठरलेली सर्व्हिस चुकवणे. ‘पॅड मीच बदलतो, तर सर्व्हिसलाही कशाला जायचे’ इथपर्यंत गेलात, की इंजिनाच्या दाव्याच्या वेळी कंपनीच्या हातात आयते कारण येते.

अमेरिकेत हा प्रश्न आपल्या आधी, १९७५ मध्येच कायद्यात आला. मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, एखादा भाग किंवा सेवा कंपनी फुकट देत नसेल, तर तोच ब्रँड वापरण्याची अट वॉरंटीला सहसा जोडता येत नाही. २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर हार्ले-डेव्हिडसनला अटी बदलायला लावल्या. न्यू जर्सीतला किंवा बे एरियातला मराठी माणूस शनिवारी ड्राइव्हवेवर पॅड बदलताना दिसतो, त्यामागे हा कायदा थोडा आणि तिथली मजुरी जास्त. अनेक गॅरेजांत ती तासाला १०० डॉलरच्या वर असते.

आपल्याकडे मजुरीचे गणित कसे बसते? सोयीसाठी आकडे गृहीत धरू. तुमच्या बिलावरचे आकडे घालून पाहा. समजा पुढच्या पॅडचा जोड २,००० रुपये, मजुरी ८००. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. त्याआधी ब्रेकच्या भागांवर २८ टक्के होता. मजुरीवरही १८ टक्केच. बिल होते ३,३०४. तोच पॅड दुकानातून आणून स्वतः बसवला तर २,३६०. वाचले ९४४. आता टॉर्क रेंच, दोन जॅक स्टँड, पिस्टन मागे ढकलायला सी-क्लॅम्प यांचे ५,००० धरा. ते वसूल व्हायला सहाव्या खेपेपर्यंत थांबावे लागेल. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे पॅड ३६,००० ला संपत असतील, तर सहावी खेप अठराव्या वर्षी. खासगी गाडीची नोंदणी पंधराव्या वर्षी संपते! आणि तीन वर्षांच्या वॉरंटीत ही वेळ जेमतेम एकदा येते. पैसे वाचवणे हे भारतात घरी पॅड बदलण्याचे कारण होऊच शकत नाही. आवड, शिकण्याची हौस, ‘डिस्क पण गेलीय साहेब’ हे ऐकून न घेण्याची इच्छा, ही कारणे मला जास्त प्रामाणिक वाटतात.

शेवटच्या कारणाला मोजमापाचा आधार आहे. नव्या पॅडचे घर्षणद्रव्य साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असते, २ ते ३ उरले की बदलायचे. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, नवी आणि किमान यांत बऱ्याच छोट्या गाड्यांत फरक जेमतेम २ मिलिमीटरचा. व्हर्निअर लावून पाहिलेल्या माणसाला डिस्क गळ्यात मारणे अवघड जाते.

पण ब्रेक म्हणजे वायपर नव्हे. १,२०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली, तर ४६३ किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तेवढ्यात दीड लिटर पाणी उकळीला येईल. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. १,२०० गुणिले ९.८१ गुणिले ५५० म्हणजे जवळपास ६,४७५ किलोज्यूल, ताशी १०० वरून चौदा वेळा थांबण्याइतके. यातला काही भाग हवा, टायर आणि खालच्या गिअरमधले इंजिन खातात, उरलेला सगळा पॅडवर येतो. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ‘पेट्रोल वाचवणारे’ इंजिनाचा वाटाही ब्रेकला देऊन टाकतात.

ही उष्णता पुढे ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. ऑइल उकळले की नळीत वाफ, आणि पॅडल थेट खाली.

तरी धास्तीलाही प्रमाण हवे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २००५ ते २००७ मधील अपघात तपासले, तेव्हा निर्णायक कारण वाहनातला बिघाड असलेले अपघात २ टक्के निघाले आणि त्यांत ब्रेकचा वाटा सुमारे २२ टक्के. म्हणजे हजारात चार-पाच. ही पाहणी मुख्यतः वरवरच्या तपासणीवर होती, त्यामुळे आकडा थोडा कमीच असेल.

काम कुठे बिघडते, हे मेकॅनिकला विचारा. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवतात, तो तारेने बांधायचा असतो. पिस्टन मागे ढकलताना वरच्या डबीतले ऑइल सांडते आणि रंग खाते. एकाच चाकाचे पॅड बदलतात. आणि बोल्ट ‘हाताच्या अंदाजाने’ आवळतात. छोट्या गाड्यांत कॅलिपरच्या पिनचे बोल्ट साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटरचे, चाकाचे नट मात्र ८५ ते १२५ चे; नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. १०० न्यूटन-मीटर म्हणजे अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे वीस किलोचा जोर. तोच हात पिनवर चालवला तर आटे गेले. सगळे बसवून झाल्यावर गाडी सुरू करण्याआधी पॅडल घट्ट होईपर्यंत पंप करायचे; हे विसरणाऱ्याची गाडी पहिल्याच वळणावर थांबत नाही.

माझी मर्यादा पुढच्या चाकांच्या पॅडपर्यंत. ऑइल बदलणे, हवा काढणे, नळ्या आणि मास्टर सिलिंडर हे वॉरंटीतल्या गाडीत सर्व्हिस सेंटरवर सोडावे, कारण एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकली तर काही गाड्यांत ती स्कॅनरशिवाय निघत नाही. मागे इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल, तर पिस्टन आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो. जबरदस्तीने दाबला तर आतली मोटर जाते, आणि हे नुकसान कंपनी तुमच्या नावावर घालेल ते योग्यच ठरेल.

पॅड कंपनीचा घ्या किंवा कंपनीलाच माल पुरवणाऱ्या उत्पादकाचा. युरोपातला आर ९० नियम बदली पॅडची कामगिरी मूळच्या १५ टक्के इकडेतिकडे असण्याची अट घालतो, खोक्यावर तो शिक्का असेल तर चांगले. बिल जपा, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा, जुन्या पॅडचे आणि बसवलेल्या नव्याचे फोटो काढा. दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागा : कोणता भाग, आणि तुमच्या कामाचा त्याच्याशी संबंध काय. तोंडी ‘बाहेर हात लावलाय’ एवढे पुरत नाही. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथेही मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या गाडीची तक्रार जिल्ह्यातच चालते.