‘मला ओळखलंस का?’ असं विचारू नका

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावरच्या शेवटच्या ओळी बहुतेक सारख्याच असतात. गोळ्या चालू ठेवा, फिजिओथेरपी करा, दीड महिन्यानं दाखवायला आणा. मुंबईत राहणाऱ्याला हे कसंबसं जमतं. दापोली तालुक्यातलं मुरुड मुंबईहून सव्वादोनशे किलोमीटरवर. दापोली दहा-बारा किलोमीटर, पण मेंदूची शस्त्रक्रिया म्हटली की चिपळूण तालुक्यातलं डेरवणचं वालावलकर रुग्णालय गाठायचं, नाहीतर सरळ मुंबई. तिथून परत आल्यावर त्या तीन ओळींतलं जवळपास सगळं काम घरच्यांच्या अंगावर पडतं, आणि ते करायचं कसं हे कार्डावर छापलेलं नसतं.

महर्षी कर्व्यांच्या या मुरुडात आज घरगुती खानावळी आहेत, पर्यटकांना खोल्या देणारी घरं आहेत, माडा-पोफळीच्या वाड्या आहेत. अशा घरातला वीस-बावीस वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. हर्णैला मासळी आणायला मोटारसायकलवर गेला. इथल्या इथे कशाला हेल्मेट, म्हणून ते खुंटीवरच राहिलं. किंवा पोफळीवरून पडला. पुढची कथा दोन्हीकडे सारखीच.

ताडगोळ्याइतका मऊ असा जेमतेम दीड किलोचा मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोकं जोरात आपटलं की मेंदू आतल्या आत आदळतो, काही जागी रक्त साकळतं. ती ‘गाठ’ सीटी स्कॅनमध्ये दिसते आणि काढताही येते. पण मेंदू गर्रकन फिरल्यामुळे आतले लांबच लांब चेतातंतू ताणले जातात, तुटतात. ही इजा स्कॅनमध्ये पुष्कळदा धड दिसतही नाही. ‘रिपोर्ट तर चांगला आहे, मग उठत का नाही?’ हा बापाचा प्रश्न तिथून येतो. सूज फार असेल तर सर्जन कवटीचा एक तुकडा काढून ठेवतात. पुष्कळदा तो रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवला जातो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत बसवतात. तोवर त्या बाजूचं डोकं खोलगट दिसतं. त्या बाजूला कुशीवर निजवायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्या आईला हे कुणीतरी आधीच नीट सांगून ठेवायला हवं.

सिनेमातला कोमा गाणं ऐकून सुटतो आणि नायक ‘मी कुठे आहे?’ विचारतो. खरा कोमा असा सुटत नाही. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोघा डॉक्टरांनी डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण देऊन शुद्धी मोजायची पद्धत घालून दिली. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आठ किंवा कमी म्हणजे तीव्र इजा. पण शुद्धीवर येणं पायऱ्यापायऱ्यांनी होतं. आधी डोळे उघडतात, नजर मात्र कुठेच नसते. मग ती हलणाऱ्या माणसामागे फिरू लागते. मग हात दाबायला सांगितलं की कधी दाबतो, कधी नाही. त्यानंतर येतो गोंधळाचा आणि चिडीचा काळ. नळ्या ओढणं, शिव्या, रात्रभर जागरण. घरच्यांना वाटतं, बिघडलं. खरं तर ही पुष्कळदा वरची पायरी असते.

घाईघाईनं आशा सोडू नये याला आधार आहे. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रॉमा केंद्रांत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त आले. दोन आठवड्यांनंतरही जाणिवेची खूण नसलेल्या आणि जगलेल्या रुग्णांपैकी पाऊण भागाहून अधिक जण वर्षाच्या आत शुद्धीवर आले. मात्र स्थळकाळाचं भान परत आलं ते सुमारे चौथ्या हिश्श्यालाच. दोन्ही आकडे घरी एकाच वेळी सांगितले पाहिजेत. ‘सहा महिन्यांत व्हायचं ते होतं, पुढे काही नाही’ हे ठाम वाक्य मला तरी पटत नाही. सुरुवातीचे महिने वेगाचे असतात, एवढं खरं. नंतर वेग मंदावतो. दार बंद होत नाही.

मुलगा घरी आला की माणसं भेटायला येतात. कोकणात ती येणारच. आणि प्रत्येक जण खाटेशी वाकून विचारतो, ‘काय रे, मला ओळखलंस का?’ मुलगा चाचरतो, चुकीचं नाव घेतो, पाहुणा खिन्न होतो, आई पदर डोळ्यांना लावते. या काळात मेंदू नवी आठवण पक्की करू शकत नाही. सकाळी आलेला काका दुपारी त्याच्या लेखी आलेलाच नसतो. अंदाजानं दिलेलं चुकीचं उत्तरच अशा वेळी डोक्यात रुतून बसतं. म्हणून स्मृती फार दुखावलेल्या रुग्णाला चुकू न देता शिकवायचं, ही पद्धत पुनर्वसनात रुळली आहे. परीक्षा घ्यायची नाही, उत्तर आधी द्यायचं. ‘मी सुधाकाका, तुझ्या बाबांचा धाकटा भाऊ, चिपळूणहून आलो.’ बस्स. भिंतीवरचं कालनिर्णय खाली, त्याच्या नजरेच्या उंचीला आणायचं, रोज सकाळी कालच्या तारखेवर त्याच्याच हातानं फुली मारून घ्यायची. शेजारी वही. कोण आलं, काय खाल्लं, गोळी घेतली. ‘गोळी घेतलीस का?’ विचारण्यापेक्षा ‘वही बघ’ म्हणणं बरं.

आणि गर्दी कमी. दुखावलेला मेंदू आवाज गाळू शकत नाही. पंखा, टीव्ही, तिघांचं एकदम बोलणं, सगळं सारख्याच जोरानं आत येतं. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरतं, झांजा वाजतात आणि जो महिनाभर शांत होता तो आरतीच्या मध्यात ताट भिरकावतो. त्याला त्या वेळी मागीलदारी नेऊन बसवावं. देव रागावत नाही.

सगळ्यात अवघड असतं ते बदललेल्या स्वभावाशी जमवून घेणं. कपाळामागचा मेंदूचा भाग आवर घालतो, बेत आखतो, कामाला सुरुवात करायला लावतो. तोच भाग अपघातात वारंवार दुखावतो. मग मुलगा आजीसमोर अर्वाच्य बोलतो, किंवा उलट, सांगितल्याशिवाय तासन्‌तास हलत नाही. आळशी झालाय, मुद्दाम करतोय, लाडावलाय, ही तीन वाक्यं मग घरात रोज फिरू लागतात. तसं नसतं. ताटापुढे बसून तो उपाशी राहतो, कारण ‘आता जेवायचं’ ही आतून येणारी सूचनाच येत नाही. ती काही काळ घरानं बाहेरून द्यायची असते.

फिनियस गेज हा अमेरिकन मुकादम या बाबतीत प्रसिद्ध आहे. १८४८ मध्ये सुरुंग उडून साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यावाटे बाहेर गेली. तो जगला, पण ‘तो पूर्वीचा राहिला नाही’ असं सगळे म्हणू लागले. पाठ्यपुस्तकं बहुतेक इथेच थांबतात. मला रस आहे तो पुढच्या भागात. गेज नंतर चिलीमध्ये गेला आणि काही वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम त्यानं केलं. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, ठरलेली घोडी. त्या बांधीव दिनक्रमानंच त्याला सावरलं असावं, असं अलीकडचे अभ्यासक मानतात.

घराचं काम म्हणजे दिनक्रम उभा करणं आणि मग आपला हात थोडा थोडा काढून घेणं. यातला दुसरा भाग आईला फार जड जातो. घास भरवणं पाच मिनिटांत होतं. त्याच्या हातात चमचा देऊन मनगटाला आधार देत भरवलं तर पाऊण तास जातो. पुढच्या आठवड्यात आधार कोपराला, मग नुसतं बोटाचं टोक, मग नुसती नजर. वाल सोलायला द्यावेत, आमसुलं पसरवायला द्यावीत, कोयती-अडकित्ता मात्र नको. चालणं आधी ओटीवर, मग अंगणात. पुळण थोडी उशिरा. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि तोल जातो. मुरुडचा किनारा सपाट, ओहोटीला ओली वाळू घट्ट बसते, ती बरी. भरतीच्या वेळा तर घरात सगळ्यांना पाठ असतातच.

एका गोष्टीत मात्र हात मुळीच काढायचा नाही. डोक्याच्या इजेनंतर फिट येऊ शकते, काहींना महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा. विहिरीच्या काठावर, माडावर, समुद्रात किंवा गाडीवर ती आली तर सगळं संपलं. पोहणारा मुलगा समुद्राकडे धावणारच, म्हणून बरोबर माणूस हवा. दारू बंद. गावच्या दुर्गादेवीपुढे गाऱ्हाणं घालावं, कौल लावावा, त्यानं घराला धीर येतो. पण ‘बाहेरचं आहे’ म्हणून कुणी फिटच्या गोळ्या थांबवायला सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. गोळी एकदम थांबवली की फिट येण्याचा धोका वाढतो.

आता सांभाळणाऱ्यांविषयी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानभाग १९७३ च्या नोव्हेंबरपासून २०१५ च्या मे महिन्यापर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०११ मध्ये निकाल आला, दयामरणावर देशभर चर्चा झाली. त्या चर्चेत एक गोष्ट मागे राहिली. एवढ्या वर्षांत केईएमच्या परिचारिकांनी त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाहीत म्हणून त्यांचं कौतुक झालं, आणि हे परिचारिकांना शक्य झालं कारण त्यांच्या कामाच्या पाळ्या होत्या. घरातल्या आईला अशा पाळ्या नसतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा त्यासाठी उठायचं, खानावळीचं पहाटेचं पीठ मळायचं. तिची कंबर धरली की सगळा डोलारा बसतो. मुंबईहून दादा पैसे पाठवतो ते चांगलंच, पण महिन्यातले चार दिवस तो स्वतः येऊन रात्री जागला तर त्याचं मोल जास्त.

पैशांचं थोडक्यात. रस्ते अपघातातल्या जखमींना २०२५ च्या केंद्राच्या योजनेत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात, तेही पहिले सात दिवस. पुढची वर्षं घराची. म्हणून मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा करावा. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. ती न्यायालयात वादात असली तरी तिच्या आत अर्ज केलेला बरा. मेंदूला इजा झालेल्या एका मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये दोन मदतनिसांचा खर्च भरपाईत धरला. आई सांभाळते म्हणून ते काम फुकटचं ठरत नाही, हे वकिलाला ठासून सांगावं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं कोडं वेगळंच. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत मेंदूची इजा असा स्वतंत्र प्रकार नाही. हात-पाय, वाचा, मनोविकार अशा तिच्या परिणामांवर टक्केवारी ठरते. चालता-बोलता पण भान हरवलेला मुलगा तपासणीच्या टेबलाशी ‘ठीक’ दिसतो. रोजची वही तिथे न्यावी.

कामाला कधी लावायचं, हा बापाचा शेवटचा प्रश्न. पूर्वीचं काम पूर्वीसारखं नाही, पण लवकरच. खोल्या भाड्यानं देणाऱ्या घरात सकाळच्या चहा-पोह्यांची ऑर्डर असते. एका वेळी एकच खोली, कागदावर लिहून घ्यायची, लिहिलेलं स्वयंपाकघरात वाचून दाखवायचं. पहिल्या दिवसांत वडील मागे उभे. मग ते ओटीवर. पोह्यांऐवजी उपमा गेला तर पाहुण्यांना काही होत नाही, तेवढी चूक होऊ द्यावी. हिशेबाची पेटी आणि गॅसचं बटण मात्र अजून बरेच महिने दुसऱ्याकडे.